होडीतली उलटी खुर्ची

रेनोचं पत्र मार्चमध्ये आलं होतं, तळ्यावरून अजून ट्रक जातील इतका बर्फ होता तेव्हा, आणि एल्डन ब्रेक्केने त्याला उत्तर दिलं नव्हतं. उत्तर द्यायचं नाही असं काही त्याने ठरवलं नव्हतं. ठरवणं हा त्याचा प्रांतच नव्हता. पत्र त्याने जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बाटलीला टेकवून उभं केलं, म्हणजे रोज समोर येईल आणि रोज आठवण होईल. ते रोज समोर आलं, आणि त्यामुळेच हळूहळू दिसेनासं झालं. मध्येच एखाद्या दिवशी अंड्यावर मीठ घालताना ते पुन्हा दिसे आणि घास तोंडातच फिरत राही. पत्र पेन्सिलीने लिहिलेलं होतं. अक्षरं अशी, की लिहिणाऱ्याने पेन्सिल बोटांत न धरता मुठीत धरली असावी. एल्डनने तीसेक वर्षं शहरातल्या वर्तमानपत्रात प्रुफं तपासली होती, त्यामुळे त्याचा डोळा आधी गळलेल्या स्वल्पविरामांवर गेला आणि मजकुरावर मागाहून. स्वतःच्या या डोळ्याची त्याला किळस आली. मेहुणा सांगतोय की माझी बोटं गेली, आणि आपण खुणा शोधतोय. मजकूर एवढाच होता: ‘प्रोफेसर, माझी बोटं गेली. साखरेमुळे म्हणतो डॉक्टर. गळ तळाला टेकला की नाही कळत नाही. ओपनरला ये. तुला काही करायचं नाही. पुढे बसायचं, नेहमीसारखं. तू आला नाहीस तर होडी उतरवत नाही. रेनो.’

तुला काही करायचं नाही. हे वाक्य एल्डनच्या अंगात रुतून बसलं होतं. दाढी करताना, बस थांब्यावर, वाचनालयात मासिक उघडून बसलेला असताना ते आतून टोचे. तो ते उलटसुलट करून पाही, एखादा शब्द पुढेमागे करून पाही. कशीही मांडणी केली तरी अर्थ तोच निघे. चाळीस वर्षं तो दर मेमध्ये ओपनरला, म्हणजे वॉलाय माशाचा हंगाम उघडतो त्या शनिवारी, रेनोच्या होडीत बसला होता, आणि चाळीस वर्षांत त्याने तिथे काही केलं नव्हतं. होडीचं इंजिन मागे असतं. रेनो वाऱ्याकडे पाठ न करता होडीची मागची बाजूच वाऱ्यात घाली आणि उलटी, अगदी मुंगीच्या पावलाने, खडकाच्या कडेकडेने नेई. तसं करताना पुढचं टोक हलकं असलं तर वारा ते पानासारखं फिरवतो. म्हणून पुढे वजन लागतं. “प्रोफेसर म्हणजे माझी वाळूची गोणी,” रेनो धक्क्यावर सगळ्यांना सांगे. “फरक एवढाच की गोणी कॉफी पीत नाही.” धक्क्यावरची माणसं हसत. एल्डनही हसे. हसताना आपला चेहरा कसा दिसतो, हा विचार त्याच्या डोक्यात असे, आणि तो विचार चेहऱ्यावर दिसत असेल, असंही त्याला वाटे.

शेवटी काल, ओपनरला पाच दिवस उरलेले असताना, त्याने उत्तर लिहिलं. त्यापूर्वीची किती उत्तरं टोपलीत गेली, त्याचा हिशेब नव्हता. काही फार लांब झाली होती, काही फार गोड. एकात तर त्याने रेनोला मधुमेहावरच्या एका पुस्तकाचं नाव सुचवलं होतं. ते फाडताना त्याचे कान तापले. राहिलेलं उत्तर चार ओळींचं आणि निर्दोष होतं. गुडघा, डॉक्टर, थंडी, पुढच्या वर्षी नक्की. एकही चूक नव्हती आणि एकही शब्द खरा नव्हता. गुडघा दुखत होता हे खरं, पण तो गेली बारा वर्षं दुखतच होता. खरं कारण कागदावर येत नव्हतं, कारण खरी कारणं दोन होती आणि दोन्ही एकमेकांना खोटं पाडत होती. एक, मला गोणी म्हणून यायचं नाही. दोन, रेनोची बोटं गेली म्हणजे आता गळ माझ्या हातात येणार, आणि मला ते जमत नाही हे अख्ख्या तळ्याला पुन्हा दिसणार. काही करायचं नाही याचा राग, आणि काही करावं लागेल याची भीती. अशा माणसाने काय लिहावं? निर्दोष लिहावं.

सकाळी शहरावर धुकं होतं. खालच्या मोठ्या सरोवरातून, जिथे बंदराच्या तोंडाशी अजून बर्फाचे तुकडे वाऱ्याने लोटले जात होते, ते चढावर चढून खिडक्यांना चिकटलं होतं. चांगल्या कोटाची चेन अडकली म्हणून एल्डनने खुंटीवरचा जुना कॅनव्हासचा कोट घातला, टोपी चढवली, पत्राचं पाकीट उजव्या खिशात टाकलं आणि बसने खाली निघाला. पोस्ट ऑफिस शेवटच्या थांब्याच्या समोरच. चढ उतरताना बस नेहमीसारखी कण्हत होती. दोन थांबे गेल्यावर त्याला शंका आली की आपण पाकिटावर तिकीट लावलं का. लावलं होतं, घरी दोनदा पाहिलं होतं. तरी त्याने खिशात हात घातला, पाकीट चाचपलं, तिकिटाचा कोपरा अंगठ्याने शोधला, आणि त्याच क्षणी बस खड्ड्यात आदळली. अंगठ्याला काहीतरी चावलं. हात बाहेर काढताच पाकीटही बरोबर आलं. ते पकडलेलं नव्हतं, लोंबत होतं. पाकिटाच्या आरपार एक गळ त्याच्या अंगठ्याच्या मांसल भागात घुसला होता, मागे वळलेला बारीक काटा आत जाईपर्यंत, आणि गळाच्या दुसऱ्या टोकाला वाटाण्याएवढं शिशाचं डोकं, नारिंगी गुलाबी रंगाचं, बसच्या प्रत्येक हिसक्याबरोबर डोलत होतं. समोरच्या बाकावरची बाई पाहून न पाहिल्यासारखी झाली. एल्डनने तो हात दुसऱ्या हाताखाली झाकला, जणू कुणाचं तरी पाकीट मारताना सापडला होता. पहिला विचार दुखण्याचा नव्हता. पहिला विचार होता: अगदी आपल्यासारखं झालं. दुसरा: रेनोने सांगितलं होतं. मोकळा गळ खिशात टाकू नकोस प्रोफेसर, बुचात खोचून ठेव. गेल्या ओपनरला पाऊस आला, दोरा तोडला, बूच सापडेना, आणि एल्डनने कुणी बघत नाहीसं पाहून तो याच कोटाच्या खिशात सोडला होता.

रंग आइलीच्या, त्याच्या बायकोच्या, नखांचा होता. हे गळ, ज्यांना तिकडचे सगळे जिग म्हणतात, रेनो घरी ओतत असे. हिवाळ्यात स्वयंपाकघरातल्या शेगडीवर शिसं वितळवून, खिडक्या उघड्या टाकून, बायकोच्या शिव्या खात. रंगवायला दुकानातला रंग त्याला पसंत नव्हता; टवके उडतात म्हणे. एका वर्षी त्याने बहिणीच्या पर्समधून नेलपॉलिशची बाटली लांबवली. त्या वर्षी मासे बरे लागले, आणि मग दर ख्रिसमसला आइली भावाला तीच बाटली कागदात गुंडाळून भेट द्यायला लागली. ती स्वतः तो रंग वर्षातून एकदाच लावी, ओपनरला, आणि होडीत मधल्या फळीवर बसून हातमोजे काढून काठी धरी. काठीवर तिची तर्जनी नुसती टेकलेली असे. “खडक,” ती डोळे मिटून म्हणे. “खडक. वाळू. खडक. आता चिखल, रेनो, तू कडेवरून घसरलास. थांब. मासा.” आणि मासा असे. भाऊबहीण दोघांच्या बोटांत काहीतरी होतं, जे ब्रेक्के घराण्यात कुणाच्या वाट्याला आलं नव्हतं. तिने त्याला शिकवायचा किती प्रयत्न केला. गळ सोड, तळाला ठप्प लागू दे. वीतभर उचल. आता खाली जाऊ दे, पण मोकळा नको सोडूस, दोरा ताणूही नकोस. त्याच्या बरोबर काठीचं टोक खाली ने, लहान मुलाला झोपवताना हात हळूच काढून घेतो ना, तसं. वॉलाय ओढत नाही. तो गळ पडत असताना नुसता तोंडात घेतो, श्वास घेतल्यासारखा, आणि नाही आवडला तर थुंकतो. कधी टिक्क होतं. कधी तेही होत नाही, नुसता तळ यायला हवा तेव्हा येत नाही. “समजलं?” आइली विचारी. “बहुतेक,” एल्डन म्हणे. मग तो सोडी, उचली, सोडी. त्याच्या बोटांना सगळं सारखंच लागे. खडक, चिखल, मासा, सगळ्यांचा एकच मऊ, बधिर ठोका, हातमोज्यातून कुणीतरी हस्तांदोलन केल्यासारखा. त्याला वाटे, पुस्तकंही आपण अशीच वाचतो की काय. माणसंही.

आता मात्र लागत होतं. अंगठ्यात नाडी उडत होती आणि प्रत्येक उडीबरोबर पाकीट किंचित हलत होतं. त्याने ते स्वतःच काढायचा प्रयत्न केला, कोटाच्या आडून, डाव्या हाताने. काटा आत धरून बसला आणि डोळ्यांसमोर पांढरं झालं. पाकिटावर रेनोचा पत्ता, त्याच्या वळणदार, निर्दोष अक्षरात, आणि त्या पत्त्यावर एक तांबडा थेंब पसरायला लागला. चरफडून त्याने बसच्या काचेवर कपाळ टेकवलं. साधं एक पत्र टाकायचं होतं. नाही म्हणायचं होतं. माणसं दिवसातून दहादा नाही म्हणतात आणि जेवतात. त्याला नाही म्हणायलाही धड जमू नये, त्यातही गळ अडकावा, हे इतकं हास्यास्पद होतं की रेनोला कळलं तर तो दहा वर्षं धक्क्यावर सांगेल. आणि मग त्याच्या लक्षात आलं की होडी उतरलीच नाही तर धक्क्यावर कुणी कुणाला काही सांगणार नाही.

शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले. तो बसून राहिला. चालवणारी बाई आरशातून बघत होती. पन्नाशीची, रुंद खांद्यांची, डोक्यावर विणलेली टोपी. एल्डन तिला चेहऱ्याने ओळखत होता, छातीवरच्या पट्टीवर मारलिस असं लिहिलेलं. ती उठून मागे आली.

“काका, इथंच राहायचा विचार आहे का? मला दहा मिनिटं आहेत, मग परत वर जायचंय.”

“नाही, नाही. उतरतोच. जरा...” त्याने हात पुढे केला.

मारलिसने पाहिलं आणि शीळ घातली. “अगं बाई! पत्रच पकडलंत की. केवढं भरलं, चार पौंड?”

“माफ करा. मी तुमची सीट खराब केली नाही, रुमाल खाली धरलाय.”

“सीट मरू दे. दवाखान्यात जायचं का? तिकडं दोन तास बसवून ठेवतील आणि मग एक पोरगा येऊन सुई टोचेल.” ती त्याच्या समोरच्या बाकावर बसली आणि त्याचा हात स्वतःच्या मांडीवर घेतला, भाजी निवडायला घेतल्यासारखा. “माझा भाऊ दोरीनं काढायचा. मी बघितलंय. केलं नाही कधी, खोटं कशाला बोलू. चालेल?”

“बहुतेक,” एल्डन म्हणाला.

“आधी हे पत्र काढायला लागेल. फाडते.”

“नको! ते टाकायचंय. आजच टाकायला हवं.”

“असं? रक्तासकट? कुणाला एवढं घाईचं?”

“मेहुण्याला. ओपनरला येत नाही म्हणून कळवतोय.”

मारलिसने मान वर केली. तिचा चेहरा असा झाला की जणू त्याने सांगितलं होतं, आईच्या अंत्यविधीला जात नाही. “ओपनरला नाही? का? मेलात का तुम्ही?” आणि उत्तराची वाट न बघता तिने पाकीट मधोमध टरकावलं. आतल्या चार ओळींच्या दोन दोन झाल्या. पाकिटाचा एक तुकडा तिने आपल्या खिशात कोंबला, दुसरा खाली पडला. एल्डनने खाली वाकायचा प्रयत्न केला. तिने हात सोडला नाही. बुटाची नाडी सोडून तिने तिचा फास गळाच्या वाकणात अडकवला, दोन्ही टोकं मुठीभोवती गुंडाळली, आणि मग डोळे बारीक करून, हात लांब जवळ करून बघत राहिली.

“जवळचा चष्मा राहिला, डबा आणि चष्मा दोन्ही घरी. ऐका काका. डाव्या बोटानं हे शिशाचं डोकं खाली दाबायचं, कातडीला लागेपर्यंत. गळ आडवा पडला की आतला काटा मोकळा होतो. मग ओढायचं. दाबते मी, ओढते मी, पण आडवा पडला ते मला दिसत नाही. तुम्ही बघायचं. पडला की सांगायचं. लगेच.”

“मला हे... मला त्यातलं कळत नाही. तुम्ही अंदाजाने—”

“तुम्हाला काही करायचं नाही हो! नुसतं बघायचं!”

हे वाक्य तिच्या तोंडून यावं, याचा त्याला इतका राग आला की दुखणं क्षणभर मागे पडलं. तिने डोकं दाबलं. तो बघू लागला. गळाचा तारेसारखा दांडा हळूहळू खाली झुकत होता, कातडी ताणली जात होती, दांडा आणि कातडी यांच्यामधली फट केसाएवढी झाली, मग केसाहून बारीक. आता? की अजून? पूर्ण आडवा म्हणजे नेमका किती? “बहुतेक,” तो म्हणाला, “बहुतेक आता, म्हणजे मला वाटतं—” तोवर तिचं बोट घसरलं होतं, आणि तिने ओढलं. काटा आतल्या आत आडवा फिरला. एल्डन ओरडला. बसमध्ये तो आवाज त्याला परक्याचा वाटला.

“अहो, बहुतेक म्हटलं की पुढं भाषण कशाला?” मारलिसही घामाघूम झाली होती आणि चिडली होती. “बहुतेकला ओढायला हवं होतं मी. तेव्हा आडवा होता ना?”

“होता,” तो दात आवळून म्हणाला. “तेव्हाच होता.”

“मग! तुमचं बहुतेकच बरोबर असतं, पुढचं सगळं वाया. थांबा, दम घेऊ.”

ती दम घेत होती, काचेवर धुकं होतं, आणि एल्डनला उगाचच होडीतली खुर्ची आठवली. आइली गेली त्या हिवाळ्यानंतरच्या मेमध्ये तो तळ्यावर गेला तेव्हा पुढची खुर्ची रेनोने बोल्ट काढून उलटी बसवली होती. तोवर एल्डन रेनोकडे पाठ करून, पुढच्या पाण्याकडे तोंड करून बसत असे. आता त्याचं तोंड मागे, रेनोकडे. मधली फळी रिकामी. त्याने कारण विचारलं नाही, रेनोने सांगितलं नाही. “पाठ बघून कंटाळा आला तुझी,” एवढंच गुरगुरला. एल्डनने अर्थ लावला की विधुर मेहुण्याला नजरेखाली ठेवायचंय, पाण्यात बिण्यात जाईल म्हणून. सहा वर्षं तो तसा बसला, रेनोच्या नजरेखाली, शाळेत पहिल्या बाकावर बसवलेल्या मुलासारखा अवघडून. आणखीही एक डाचत होतं. रेनो त्याला वाक्य पुरं करू देत नसे. तळ्यातल्या, हिल्माचा म्हणतात त्या खडकावर, पाण्यावर बारीक लाटा, रेनो काठी धरून गप्प, मध्येच हनुवटी वर करून विचारी, “काय, प्रोफेसर?” एल्डनला आनंद होई, कुणीतरी विचारतंय. तो सुरुवात करी, “रेनो, मला वाटतं, बहुतेक—” आणि रेनो तेवढ्यात काठी वर झटके, मासा लागलेला असे, जाळी आण, जाळी आण, आणि वाक्य पाण्यात. परत विचारायचं नाही. सहा वर्षं. एकही वाक्य पुरं नाही. या एका गोष्टीसाठी त्याने रेनोला मनातल्या मनात किती शिव्या घातल्या होत्या.

पण ती वाक्यं होती कशाबद्दल? बसच्या थंड बाकावर, अंगठा दुसऱ्या कुणाच्या मांडीवर असताना, त्याला ते आठवायला बराच वेळ लागला, आणि आठवल्यावर ते इतकं साधं होतं की त्याला आपलाच संशय आला. रेनोकडे तोंड करून बसलेल्या माणसाला बघायला होतंच काय? रेनोच्या चेहऱ्याकडे बघायचा संकोच. मग राहिला तो दोरा, काठीच्या टोकापासून पाण्यात शिरणारा. जन्मभर ओळींवरून फिरलेला डोळा एखादी ओळ शोधतोच. तो दोरा बघे. दोरा एका लयीत पाण्यात उतरत असे, आणि मध्येच, जिथे तो उतरत राहायला हवा होता तिथे, थांबे. किंवा केसभर बाजूला सरके. प्रुफात गळलेलं अक्षर जसं आधी खटकतं आणि मग दिसतं, तसं. रेनो, मला वाटतं, बहुतेक दोरा हलला. हेच वाक्य. दर वेळी हेच. पहिल्यांदा ते आइली असताना झालं होतं, तिच्या शेवटच्या ओपनरला. तो कॉफी घ्यायला मागे वळला होता, रेनोचा दोरा दिसला, आणि तो नको तिथे बोलून गेला. रेनोने ओढलं, आणि त्या दिवसातला सगळ्यात मोठा मासा वर आला, काचेच्या गोट्यांसारखे डोळे चमकवत. “घ्या!” आइली हसली होती, नारिंगी गुलाबी नखं तोंडावर धरून. “याला माझ्या भावाचा मासा दिसतो. स्वतःचा नाही.” तिला खोकला होता तेव्हाच. एल्डनने ती थट्टा समजून गिळली होती. रेनो हसला नव्हता. रेनो त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला होता, आणि त्या बघण्याचाही एल्डनने काहीतरी वाईटच अर्थ लावला असणार.

म्हणजे खुर्ची त्यासाठी. की तसं नव्हतंच? बोल्टची भोकं झिजली असतील म्हणून खुर्ची उलटी लागली असेल. ‘काय, प्रोफेसर’ हे नुसतं काय, प्रोफेसर असेल. बोटं तर रेनोची तेव्हा शाबूत होती. होती का? सहा वर्षांपूर्वीही तो काठी दर थोड्या वेळाने या हातातून त्या हातात घेई, बोटं झटके, थंडी म्हणे. एल्डनला काही नक्की करता येईना. एवढंच दिसत होतं की ज्या माणसाला चाळीस वर्षांत एक मासा बोटांनी कळला नाही, त्याच्या अर्धवट वाक्यावर दुसरा एक माणूस सहा वर्षं काठी झटकत होता.

“घ्यायचं का?” मारलिस म्हणाली. “पाच मिनिटं राहिली. आणि ह्या वेळेला भाषण नको.”

तिने डोकं दाबलं. दांडा झुकला. फट केसाएवढी. त्याला नक्की काही कळलं नव्हतं.

“बहु—”

तिने ओढलं. कुणीतरी बाटलीचं बूच काढल्यासारखं काहीतरी झालं, दुखलंसुद्धा नाही, आणि नारिंगी गुलाबी ठिपका दोरीच्या टोकाला भिरभिरत जाऊन छताला आपटला.

“हाय रे देवा!” मारलिस उभी राहून नाचलीच. “बघितलंत? भावाला फोन करते आता. तो म्हणेल, थापा मारते.” मग तिने नाडीला लोंबणारा गळ सोडवला आणि त्याच्यापुढे धरला. “खिशात नका टाकू. बूच आहे?”

“घरी आहे.”

“मग हे टोपीत खोचा. आणि काका, माझ्या आजोबांचं एकच सांगणं होतं. ओपनरला यायचं नसेल तर पत्र लिहू नये, मरून जावं. लोकांना समजतं.” ती स्वतःच्या विनोदावर मनापासून हसली आणि पुढे गेली. तिच्या खिशातून पाकिटाचा तुकडा डोकावत होता. तो त्याने परत मागितला नाही.

पोस्ट ऑफिसात तो एकटाच गिऱ्हाईक होता. तिथे त्याने एक साधं कार्ड विकत घेतलं, त्यावर तिकीट लावलं, उभ्याने लिहायच्या टेबलाशी गेला, आणि साखळीला बांधलेलं पेन उचललं. अंगठ्याभोवती रुमाल; पेन बोटांत धरवेना, मुठीत धरावं लागलं. पहिलं अक्षर पाहून तो थबकला. ते रेनोचं अक्षर होतं. तसंच वाकडं, तसंच मोठं, लहान मुलाने भिंतीवर काढल्यासारखं. त्याला वाटलं, आता तरी समजावून लिहावं: खुर्चीचं विचारावं, आइली तेव्हा काय म्हणाली ते विचारावं, मला वाळूची गोणी म्हणू नकोस असं लिहावं, किंवा म्हण असं. प्रत्येक वाक्याची सुरुवात डोक्यात तयार होती आणि प्रत्येकाचं पुढचं सगळं वाया होतं. दार उघडलं, धुक्याचा एक लोट आत आला, बाहेर मारलिसची बस चढाकडे तोंड करून गुरगुरत होती. आज मंगळवार. कार्ड गुरुवारी पोचेल, उशीर झाला तर शुक्रवारी. होडीला उतरायला एक दुपार लागते.

त्याने लिहिलं: ‘रेनो, बहुतेक येतो. एल्डन.’

लिहून झाल्यावर त्याचा डोळा सवयीने परत मागे गेला आणि जास्तीच्या शब्दावर अडला. त्याने पेन वर उचललं, त्या शब्दावर आडवी रेघ मारून समासात खूण करायला, जशी त्याने आयुष्यभर हजारो वेळा केली होती. पेन तसंच हवेत राहिलं. मग त्याने ते हळूच साखळीवर सोडलं, तिकीट लावलं आहे का हे एकदाच बघितलं, आणि शब्द तसाच ठेवून कार्ड फटीत टाकलं. ते तळाला टेकल्याचा आवाज आला का, हे त्याला नक्की सांगता आलं नसतं.